माझी गाडी कोण चालवतंय

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सकाळी मीटर ४८,३०९. संध्याकाळी पाचला बाजारात जायला गाडी काढली तेव्हा ४८,३१६. मधल्या वेळात मी गाडीला हात लावलेला नाही. दुपारी दीड ते तीन झोपले होते. मग सात किलोमीटर गाडी चालवली कोणी?

आकडा वाचण्यात माझी चूक होणार नाही. पस्तीस वर्षं नर्सबाईची नोकरी केली. फिरतीच्या दैनंदिनीत मीटरचा सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा भरल्याशिवाय जेवायला बसले नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता तपासायला कोणी साहेब येत नाही, तरी मी आकडा लिहिते. गुणवंतराव हसतात. हसोत बापडे. आज त्याच सवयीने चोरी पकडली.

किल्ली स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला असते. घरात आम्ही दोघंच, मुलगा धनराज पुण्याला. गुणवंतरावांवर संशय घ्यायची सोय नाही. शाळेत लिपिक होते, आता सदुसष्टचे झाले, पण उभ्या जन्मात त्यांनी गाडीचं हँडल धरलेलं नाही. लग्नाला एकोणचाळीस वर्षं होतील. तेवढी वर्षं ते मांडीवर पिशवी घेऊन माझ्या मागे बसत आले. सुरुवातीला गोंडपिपरीच्या पानठेल्यांवर लोक त्यांना खूप हसायचे. त्यांना कधी लागलं नाही, मलाच लागायचं.

म्हणजे त्यांनी कोणाला तरी किल्ली दिली. विचारलं तर म्हणाले, मीटर जुनं झालं असेल. तेरा वर्षं नीट चाललेलं मीटर एका दुपारीत जुनं होत नाही. आजपासून ही वही वेगळी, आणि ती कपाटात साड्यांखाली राहील.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बोरटोल्याला जाऊन आले. चौदा किलोमीटर, त्यातले शेवटचे आठ जंगलातून. नोकरीतलं माझं शेवटचं गाव. अजूनही दर गुरुवारी बीपीचं यंत्र घेऊन जाते, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बीपी बघते आणि मग मंगलीच्या अंगणात तासभर बसते. मंगली तिथली सुईण. आम्ही दोघींनी मिळून त्या भागातली निम्मी माणसं जन्माला घातली असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

रस्त्यावर कोणाला म्हणून शिस्त उरलेली नाही. नाल्याजवळ एक बैल डावीकडून थेट अंगावर आला. आधी तिथे नव्हताच. हल्ली गुरं अशीच झुडपांतून उगवतात. पुढे एक सायकलवाला, तोही डावीकडूनच. दिसत नाही का म्हणून मलाच ओरडला. घंटी वाजवायला त्याचे हात मोडले होते काय?

घरी येताना फाटकाच्या खांबाला लागून डावा आरसा फुटला. तिसरा. खांब कललेला आहे हे मी गवंड्याला तेव्हाच सांगितलं होतं. पूर्वी लागायचा नाही, आता लागतो, म्हणजे आणखी कलला असणार. गुणवंतराव काचा गोळा करत होते आणि माझ्याकडे बघत होते. त्यांचं ते बघणं मला आवडलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज दोन माणसांनी मला एकच वाक्य ऐकवलं. सकाळी गुणवंतराव: "एकदा चंद्रपूरले जाऊन डोळे दाखवून ये." संध्याकाळी धनराजचा फोन: "आई, एकदा चंद्रपूरला जाऊन डोळे दाखवून ये." बापाने लेकाला पढवलंय हे कळायला फार अक्कल लागत नाही.

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. पेपर वाचते, सुईत दोरा एका दमात घालते. शेकडो लोकांना मोतीबिंदूच्या शिबिराला मी नेलंय, मोतीबिंदू कसा असतो ते मला कोणी शिकवू नये. डोळे हा नुसता बहाणा आहे. यांना माझी गाडी काढून घ्यायची आहे.

गाडी गेली तर माझं काय उरतं? १९८४ साली नोकरीला लागले तेव्हा पहिली लूना घेतली. चढावर पायडल मारावं लागायचं, पण चालत जाणाऱ्या नर्सबाईपेक्षा मी बरी होते. मग मलेरियाच्या एका कर्मचाऱ्याकडून राजदूत घेतली. पांढऱ्या साडीखाली पायजमा घालून मी ती चालवायचे आणि गावागावांतली पोरं अर्धा मैल मागे पळायची. पावसाळ्यात नाला भरला की लसीची पेटी एकाच्या डोक्यावर देऊन गाडी चौघांकडून उचलून पलीकडे न्यायचे. मंगलीचा लालसू त्या राजदूतच्या कडेला जन्मला. मी पुढे, मध्ये कळा देणारी मंगली, मागे तिची सासू. दवाखाना पाच किलोमीटरवर राहिला आणि मंगली म्हणाली, बाई, आता थांब. गाडीला चादर बांधून आडोसा केला होता. नंतर एक हिरो होंडा आणि आता ही स्प्लेंडर. चार गाड्या. कोणी माझं नाव विसरलं तरी "गाडीवाली सिस्टर" म्हटलं की पाच गावांत ओळख पटते. गाडी नसेल तर मी भाजी निवडत बसणारी एक म्हातारी. मला भीती वाटते, ती एवढीच वाटते.

आज मागे बसून गुणवंतराव सारखे खांद्यावर हात ठेवत होते. डावीकडं माणूस हाये, डावीकडं गाडा हाये. एकोणचाळीस वर्षं गप्प बसणाऱ्या माणसाला आता वाचा फुटली आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चोर घरातलाच आहे.

परवा मीटर परत सहाने पुढे गेलं होतं. म्हणून काल दुपारी झोपायच्या आधी दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी मागच्या चाकापासून मडगार्डला लावून ठेवली. चाक फिरलं की पट्टी तुटणार. तीनला उठून पाहिलं तर पट्टी जागच्या जागी. पण मी पट्टी नेहमी कात्रीने सरळ कापते. लावलेली पट्टी दातांनी तोडलेली होती. म्हणजे गाडी फिरवून आणून, माझ्याच पेटीतली पट्टी काढून परत चिकटवली. पेटी कुठे असते हे एकाच माणसाला माहीत आहे.

गुणवंतराव तेव्हा मोरीत पाय धूत होते. पँटला गुडघ्यापर्यंत लाल माती आणि कोपर सोललेलं. पायरीवरून पडलो म्हणाले. आमच्या पायरीला लाल माती कुठली? मी कोपर स्वच्छ करून औषध लावलं आणि मुद्दाम एक शब्द विचारला नाही.

४ मार्च, मंगळवार

आज त्यांच्या उजव्या पोटरीवर भाजल्याचा चट्टा पाहिला. भाताचं पातेलं लागलं म्हणतात. पातेलं पोटरीला लागायला यांनी ते काय पायाने उचललं? तो सायलेन्सरचा चट्टा आहे. असले चट्टे मी आयुष्यभर पाहिलेत, स्वतःच्या पायावरही आहेत.

माझ्या मागे बसून त्यांना कधी सायलेन्सर लागला नाही, मी त्यांना डावीकडूनच उतरायला शिकवलंय. म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या तरी मागे बसतात. माझ्या झोपेच्या वेळात, माझ्याच गाडीवर. हे लिहितानाही लाज वाटते, पण गाडी चोरीला जाण्यापेक्षा मला हेच जास्त लागलं आहे.

६ मार्च, गुरुवार

बोरटोल्याला जाता जाता गुलाम रसूलच्या गॅरेजवर थांबले. राजदूतपासून माझ्या सगळ्या गाड्या त्याच्या हातून गेल्या. तो खोटं बोलला तर कळेल असं वाटलं होतं. सरळ विचारलं, गुणवंतराव दुपारचे तुझ्याकडे येतात का? तर म्हणे येतात कधीमधी, चहा प्यायला. माझी गाडी विकायचं घाटतंय का? गिऱ्हाईक ट्रायल घेतंय का?

"बाई, गाडी तुमची हाये. तुमाले न इचारता मी काऊन इकन?" एवढं बोलून तो कितीतरी वेळ कापडाने हात पुसत राहिला. पुसायला हातावर काही उरलं नव्हतं.

मग त्याने भलताच खेळ सुरू केला. मला म्हणाला, नाकासमोर त्या पाटीकडे पाहा आणि माझ्या हातात काय आहे ते सांगा. मी म्हटलं, तुझ्या हातात काही नाही. तो म्हणाला, नीट पाहा. मी म्हटलं, पाटीकडे पाहू की तुझ्या हाताकडे? तेव्हा त्याने डाव्या बाजूने हात पुढे आणला, त्यात दहा नंबरचा पाना होता. साठीच्या माणसाने लपवाछपवी करावी म्हणजे कमाल आहे. मी गाडीला किक मारून निघाले. आरशात पाहिलं तर तो रस्त्यापर्यंत येऊन उभा होता.

दोघे मिळून माझी गाडी विकतायत. आता मला शंका राहिलेली नाही.

१८ मार्च, मंगळवार

मीटर आठ किलोमीटर जास्त. आता मी विचारतही नाही. गिऱ्हाईक भलतंच चोखंदळ दिसतंय, महिना झाला तरी ट्रायल संपत नाही.

२७ मार्च, गुरुवार

आज एक विचित्र गोष्ट झाली.

ऊन वाढलंय म्हणून सकाळी सहालाच निघाले. मोहाची फुलं गळायचे दिवस. बाया झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, त्यामुळे जंगलात धूर भरलेला होता. बोरटोला तीन किलोमीटर राहिला असताना डाव्या हँडलला जबर हिसका बसला. गाडी अर्धी आडवी झाली, पण मी सावरली. वीसेक पावलांवर थांबून मागे वळून पाहिलं. रस्त्यावर वेताची टोपली पडलेली आणि मोहाची फुलं सांडलेली. रस्ता पाहिला, कडेची नालीही पाहिली. कोणी नव्हतं.

टोपली रस्त्यात ठेवून बाई झाडाखाली गेली असणार, नाहीतर रानडुक्कर धडकून पळालं असणार. त्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे, एकटीने उभं राहण्यात अर्थ नव्हता. बोरटोल्याला पोचले तर मंगली घरी नाही, मोहाला गेलेली. तासभर वाट पाहिली, चार जणांचं बीपी पाहिलं आणि परत आले. येताना त्या जागी टोपली नव्हती.

क्लचचा दांडा वाकलाय. गुणवंतरावांना सांगितलं तर त्यांनी पोलिसासारखी उलटतपासणी घेतली. डावीकडून की उजवीकडून? कोणी ओरडलं का? टोपली कोणाची होती? हँडलच्या फटीत मोहाचं एक फूल अडकलं होतं, ते हातात घेऊन बसून राहिले. जेवले नाहीत. गाडीची किंमत उतरली म्हणून एवढं दुःख.

पण खरं लिहायचं तर माझंही मन शांत नाही. रिकाम्या टोपलीला इतकं वजन नसतं.

२८ मार्च, शुक्रवार

राजुऱ्याला बहिणीकडे नातीचं बारसं होतं. गुणवंतराव ऐनवेळी पोट बिघडल्याचं सांगून राहिले. मी एकटी बसने गेले, अंधार पडायच्या आत परत आले. ते मेलेल्यासारखे झोपले होते. पोट बिघडलेला माणूस बूट घालून झोपत नाही.

मीटर काल ४८,७४२. आज ४८,७९९. सत्तावन्न किलोमीटर. सीटवर चुन्यासारखे पांढरे थेंब वाळलेले. गिऱ्हाईक गवंडी किंवा रंगारी असावं.

२९ मार्च, शनिवार

सकाळी उठायच्या आत गुणवंतरावांनी गाडी गॅरेजला नेऊन टाकली. दांडा चंद्रपूरहून यायचा आहे म्हणे.

दुपारी दिव्यानीचा फोन आला. ती बोरटोल्याची आशा कार्यकर्ती, हुशार पोरगी. म्हणाली, मंगलीबाईचा हात मोडला, मोहाच्या झाडावरून पडल्या, मनगटाला प्लास्टर आहे. मी म्हटलं, झाडावरून? ती म्हणाली, त्या तसंच सांगतात. आणि मग घाईघाईने फोन ठेवला.

मोहाला झाडावर कोण चढतं? फुलं आपोआप गळतात, बाया खाली बसून वेचतात. चाळीस वर्षं त्या जंगलात फिरले, मोह वेचायला झाडावर चढलेली एक बाई मी पाहिलेली नाही. मंगली खोटं बोलते आहे. बाई पडले म्हणते तेव्हा तिला कोणीतरी पाडलेलं असतं, हे नोकरीत पुष्कळदा पाहिलं. तिच्या घरात हात उगारणारं दुसरं कोण आहे? पोळ्याला गेले होते तेव्हा लालसू तिच्यावर बकऱ्यांवरून कसा ओरडत होता ते मी या कानांनी ऐकलंय. माझ्या हातावर जन्मलेला पोरगा. अंगाची आग झाली.

१ एप्रिल, मंगळवार

दांडा आला नाही. चंद्रपूर काय विलायतेत आहे?

जेवताना सांगितलं की गुरुवारी बोरटोल्याला जाऊन लालसूला जाब विचारते आणि मग ठाण्यात तक्रार देते. गुणवंतरावांच्या हातातला घास हातात राहिला. "थोडं थांब," म्हणाले, "लालसू तसा नाई." यांना काय माहीत लालसू कसा आहे? मी बोरटोल्याला जाते, हे तर गेल्या दोन वर्षांत गेले नाहीत.

मग भांडी घासताना डोक्यात लख्ख उजेड पडला. बोरटोल्याला जाऊन यायला अठ्ठावीस. दोनदा जाऊन आलं की छप्पन्न. मीटर सत्तावन्न! गिऱ्हाईक लालसूच आहे. तो गाडी घेऊन घरी गेला, मंगलीने सिस्टरबाईची गाडी ओळखली, नको म्हणाली, आणि त्याने तिचा हात मोडला. गुणवंतराव त्याची बाजू का घेतात तेही कळलं. सगळं जुळलं. जुळलं तरी रडू आलं.

३ एप्रिल, गुरुवार

आज काय झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी नऊला गॅरेजवर गेले. गाडी धडधाकट उभी होती, नवा दांडा बसलेला, किल्ली लावलेली. गुलाम रसूल समोर चहा पीत होता. मी बसले आणि निघाले. तो हाका मारत मागे पळाला, मी वळून पाहिलं नाही.

बोरटोल्यात लालसू अंगणात दोर वळत होता. पाच-सहा माणसं होती, दिव्यानीही होती. मंगली खाटेवर, हात गळ्यात बांधलेला. मी गाडीवरून उतरले आणि सगळ्यांसमोर लालसूला बोलले. आईवर हात टाकणारा, म्हटलं. माझी गाडी पाहिजे होती ना तुला? आज ठाण्यात जाते, तुला आत टाकल्याशिवाय राहत नाही. आणखीही बोलले, ते इथे लिहवत नाही. लालसूने मान खाली घातली. नुसता आईकडे पाहत होता, आणि मला वाटलं की कबुली मिळाली.

मंगली उठून माझ्यासमोर आली.

"त्यानं नाई मारलं, बाई. गाडी लागली मले. तुयी गाडी."

मला आधी काही समजलंच नाही. मी म्हटलं, माझ्या गाडीला टोपली लागली, तिथे माणूस नव्हतं, मी थांबून पाहिलं होतं.

"हो, तू थांबली. मी नालीतच पडून होती. तू माह्याकडंच पाहून राह्यली होती. अन तुले मी दिसली नाई."

दम कोंडल्याने तिच्या तोंडून हाक निघत नव्हती, ती नालीतून उठायचा प्रयत्न करत होती म्हणे. एक हात वर केला होता. मी त्या हाताकडे पाहिलं आणि गाडी सुरू करून निघून गेले. लालसूला तिने शपथ घातली होती, म्हणून तो माझ्या शिव्या गिळत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी गुणवंतराव आले. एकटेच, माझ्या गाडीवर, वाटेत दोनदा पडून. त्यांनी मंगलीला मागे बसवून गोंडपिपरीच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून परत आणून सोडलं. त्यांनाही तिने शपथ घातली.

मी खाली बसले ते बसलेच. तासाभराने, की कमी, कोण जाणे, गुलाम रसूलच्या स्कूटरवरून तो आणि गुणवंतराव आले. मी उठून त्याच माणसांसमोर लालसूचे हात धरले आणि म्हटलं की मी खोटा आळ घेतला, चुकी माझी, गुन्हा माझा. तो म्हणाला, "जाऊ दे जी बाई, पानी पी."

किल्ली गुणवंतरावांच्या हातात दिली. ते पुढे बसले. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा मी म्हटलं, क्लच हळू सोडा. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा मागे बसले. मागून रस्ता दिसत नाही, पुढच्या माणसाची पाठ दिसते. इतकी वर्षं या माणसाने माझी पाठ पाहून काढली.

९ एप्रिल, बुधवार

चंद्रपूरला बसने गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहे, पण कामाची. एका यंत्रात डोकं घालून ठिपके दिसले की बटण दाबायचं. डावीकडे ती कितीतरी वेळ ठिपके दाखवत होती म्हणे, मी बटण दाबलंच नाही. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजू जवळजवळ गेली, उजव्याचीही कडेने चाललीय. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं औषधाच्या थेंबांनी सांभाळायचं. समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. सुईत दोरा घालता येतो. उपकेंद्राच्या भिंतीवर या आजाराचं पोस्टर मीच लावलं होतं, पण मला मोतीबिंदूच तेवढा ठाऊक. गाडी चालवायची नाही, ती म्हणाली. मी म्हटलं, हो. बाहेर आल्यावर बसस्टँडवर खूप रडले. मंगलीसाठी रडले असते तर बरं होतं, मी गाडीसाठी रडत होते.

गुणवंतरावांना विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? पोळ्यापासून. हातगाडी डाव्या बाजूला उभी होती आणि मी रस्ता मोकळा आहे म्हणाले होते. तेव्हापासून ते मागे बसून माझे डोळे झाले होते. मग वाटलं, बसून भागणार नाही. गुलाम रसूलने आठवडी बाजाराच्या मैदानावर शिकवलं, माझ्या झोपेच्या वेळात. सात वेळा पडले. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? म्हणाले, "तू उतरली नसती. मले चालवता आली असती त म्हनलं असतं, आज मी चालवतो."

खरं आहे. उतरले नसते. वर त्यांच्याबद्दल या वहीत काय काय लिहून ठेवलंय ते आज परत वाचलं आणि वही जाळावीशी वाटली. जाळत नाही. राहू दे.

१७ एप्रिल, गुरुवार

सहाला निघालो. गुणवंतराव तिसऱ्या गिअरच्या वर जात नाहीत, त्यामुळे पोचायला पाऊण तास लागतो. वळणावर हॉर्न मात्र सोडत नाहीत, वाघही कंटाळून निघून गेला असेल.

मंगलीचं झाड रस्त्यापासून आत आहे. एका हाताने ती किती वेचणार? यंदाचा तिचा अर्धा मोह वाया गेला, मे महिन्यात प्लास्टर निघाल्यावर मूठ वळेल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. तोच हात कितीतरी बाळांच्या डोक्याखाली होता. मी तिच्याशेजारी बसले आणि वेचायला लागले.

मग मी विचारलं, जे दोन आठवडे विचारायचं धाडस झालं नव्हतं. मला का नाही सांगितलंस? मी तुझी कोण लागते की तू माझं पाप झाकावंस?

ती वेचत राहिली. म्हणाली, "सांगतलं असतं त तू यायची बंद झाली असती."

सगळ्यांवर संशय घेतला, नवऱ्यावर, मेकॅनिकवर, पोरावर. ही एकटी तुटलेला हात घेऊन नालीत पडली होती आणि तिला काळजी याची, की मी गुरुवारी येणार नाही.

ऊन वर आलं. माझ्या समोरची जागा साफ झाली, मला वाटलं झालं. टोपली उचलली. मंगलीने चांगल्या हाताने माझी हनुवटी धरून तोंड डावीकडे फिरवलं. तिथे हातभर अंतरावर फुलांचा सडा तसाच पडलेला होता. मी टोपली परत खाली ठेवली आणि तिकडची वेचायला बसले.